स्वरलेखनातील बिंदू आणि वयोवृद्ध वाचक

संगीतविषयक नियतकालिकाची मांडणी उतारवयाच्या वाचकाला का भावते, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर बहुधा दोन गोष्टींवर थांबते: अक्षर मोठे असावे आणि जुन्या कलावंतांची छायाचित्रे असावीत. मराठी नियतकालिकांच्या बाबतीत हे उत्तर अपुरे पडते. मराठीतील संगीतविषयक पृष्ठाची घडण मुळात वृद्धांसाठी झालेली नव्हती. ती विद्यार्थ्यासाठी झाली. तो विद्यार्थी पुढे वयाने वाढला आणि त्याच्याबरोबर ते पृष्ठही वृद्धांचे झाले. म्हणून या मांडणीचा विचार करताना आधी तिच्या शालेय उगमाकडे पाहणे अगत्याचे ठरते.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि 1908 मध्ये त्याची शाखा मुंबईत काढली. एका गुरूपुढे एक शिष्य बसण्याऐवजी एका वर्गात अनेक विद्यार्थी बसू लागले, तेव्हा चीज केवळ कानाने देणे पुरेनासे झाले आणि छापील पाठाची निकड उत्पन्न झाली. लाहोरहून निघणारे ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक याच निकडीचे अपत्य होय. दुसरीकडे पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी घराण्यांतून जमविलेल्या चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. पलुस्करांचे 1931 मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाचे मुखपत्र ‘संगीत कला विहार’ 1947 मध्ये सुरू झाले आणि त्याच्या संपादनाची धुरा प्रा. बा. र. देवधर यांनी वाहिली. मंडळाच्या परीक्षांना बसणारे विद्यार्थी आणि त्यांना शिकविणारे शिक्षक हा या मुखपत्राचा स्वाभाविक वाचकवर्ग होता.

अशा मासिकाचे पृष्ठ इतर मासिकांच्या पृष्ठाहून एका मूलभूत बाबतीत निराळे असते. त्यात गद्याची सलग ओळ आणि स्वरलेखनाची विभागलेली ओळ शेजारी शेजारी नांदतात. स्वरलेखनात अक्षर हे वर्ण राहत नाही, ते स्वराचे नाव होते. आणि अर्थाचा मोठा भार अक्षराच्या वर-खाली असलेल्या चिन्हांवर पडतो. भातखंडे-पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ येते, मंद्र सप्तकाचा बिंदू खाली आणि तार सप्तकाचा बिंदू वर असतो. पलुस्कर-पद्धतीत मात्र वरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवितो, तार सप्तकासाठी माथ्यावर उभी रेघ येते आणि कोमल स्वराचा पाय हलन्तासारखा मोडतो. शून्याचे चिन्हही असेच द्व्यर्थी आहे: एका पद्धतीत ते खालीची जागा दाखविते, तर दुसरीत अर्धी मात्रा. तात्पर्य, माथ्यावरचा तोच एक बिंदू एका परंपरेत स्वर वर चढवितो आणि दुसरीत खाली उतरवितो.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, देवनागरीत माथ्यावरच्या बिंदूला आधीच एक काम नेमून दिलेले आहे. ‘गं’ हे अक्षर गद्याच्या ओळीत अनुस्वारयुक्त असते. भातखंड्यांच्या स्वरलिपीत तोच तार सप्तकातील गंधार होतो. वाचकाला हे दोन्ही बिंदू एकाच पृष्ठावर, ओळीगणिक निराळ्या अर्थाने वाचावे लागतात. 1962 मध्ये मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले बहुतेक अनुस्वार गद्यातून काढून टाकले. त्यापूर्वी शिकलेल्या पिढीचे डोळे ज्या पृष्ठावर घडले, ते शीर्षबिंदूंनी गजबजलेले होते. या पिढीला बिंदूंची गर्दी परकी नव्हती. परंतु स्वरलेखनाचा बिंदू अनुस्वाराच्या बिंदूपासून वेगळा उठून दिसावा, ही तिची गरज त्यामुळेच अधिक होती.

ही गरज छापखान्यात कशी भागत असे, हेही पाहिले पाहिजे. खिळ्यांच्या छपाईत जुळारी अक्षराच्या ओळीवर व ओळीखाली चिन्हांसाठी स्वतंत्र जागा राखीत असे. मात्रा एकाखाली एक याव्यात म्हणून अक्षरांमध्ये कोरे खिळे घालावे लागत. परिणामी स्वरलेखनाचे पृष्ठ विरळ, मोकळे व रुंद होई. हा मोकळेपणा शोभेसाठी योजलेला नव्हता. तालाचे विभाग डोळ्यांना दिसावेत यासाठी तो अपरिहार्य होता. पण चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर ज्याला जड जाऊ लागते, त्या वाचकाला हाच मोकळेपणा उपकारक ठरला. गद्यातील एखादा अनुस्वार निसटला तरी अनुभवी वाचक संदर्भाने तो भरून काढतो. स्वरलेखनात असा संदर्भ क्वचितच हाताशी असतो. बिंदू दिसला नाही तर स्वर दुसऱ्या सप्तकात जातो, आणि कोमलाची रेघ पुसट झाली तर राग बदलतो.

मांडणीचे दुसरे अंग गद्याचे आहे. देवधरांनी ‘संगीत कला विहार’मधून थोर गवयांची जी चरित्रे लिहिली, त्यांतूनच पुढे ‘थोर संगीतकार’ हा ग्रंथ सिद्ध झाला. अशा लेखांच्या मथळ्यांत व मजकुरात ‘बुवा’, ‘खाँसाहेब’, ‘पंडित’ या उपपदांना स्थान असते. ही उपपदे केवळ आदरवाचक नाहीत. भास्करबुवा बखले (निधन 1922), अब्दुल करीम खाँ (निधन 1937) किंवा अल्लादिया खाँ (निधन 1946) यांची नावे उपपदांसह वाचताना जुन्या श्रोत्याला मैफलीतील संबोधनच ऐकू येते. ज्या गायकांना त्याने स्वतः वा आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ओळखले, त्यांची ओळख मथळाच पटवून देतो. छायाचित्र त्यानंतर येते.

पाश्चात्त्य उदाहरणाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. ब्रिटनमध्ये 1986 मध्ये ‘क्यू’ आणि 1993 मध्ये ‘मोजो’ ही मासिके निघाली. तारुण्य ओलांडलेल्या रॉक-श्रोत्यांना नजरेसमोर ठेवूनच ‘मोजो’ची आखणी झाली होती, पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर बॉब डिलन व जॉन लेनन होते. तेथे वाचकाचे वय आधी ठरले आणि मांडणी मागाहून आली. वाचकाच्या तारुण्यातील चेहरा हे तिचे मुख्य आकर्षण होते. मराठी मासिकात मांडणी आधी होती, वय मागाहून आले. आणि वाचकाने तरुणपणी गिरविलेले चिन्ह हे तिचे आकर्षण ठरले. पहिल्यात श्रोता स्वतःचा भूतकाळ पाहतो. दुसऱ्यात जुना विद्यार्थी आपला पाठ पुन्हा म्हणू शकतो.

1970 च्या सुमारास पंधराव्या वर्षी परीक्षेस बसलेला विद्यार्थी आज सत्तरीच्या घरात आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरगाव, परळ, दादर येथील अनेक मराठी कुटुंबे वसई-विरारकडे वळली. विरारच्या फुलपाड्यासारख्या वस्तीतून दादरची मैफल रेल्वेने सुमारे 50 किलोमीटर दूर पडते, आणि उतारवयात रात्रीचा तो प्रवास सहसा झेपत नाही. अशा वाचकाच्या बाबतीत अंक हा मैफलीचा वृत्तांत राहत नाही. पेटी पुढे ओढून ज्यावरून चीज आठवायची, ते साधन होतो. आज संगणकावरील अक्षरजुळणीत कागद वाचविण्यासाठी स्वरलेखन आकसले जाते, मात्रांचे स्तंभ सरकतात, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ओळी भलत्याच ठिकाणी मोडतात. गद्याचा ठसा मोठा करून आणि मुखपृष्ठावर बालगंधर्वांचे चित्र छापून ही हानी भरून निघत नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, वयोवृद्ध वाचकाच्या सोयीचा प्रश्न मराठी संगीत-मासिकापुरता लेखनचिन्हांचा प्रश्न आहे. अंकात कोणती स्वरलेखन-पद्धती योजली आहे याचा पृष्ठावरच स्पष्ट निर्देश असावा, अनुस्वाराहून सप्तकाचा बिंदू आकाराने व उंचीने निराळा ठेवावा, आणि तालविभागांतील मोकळी जागा कोणत्याही काटकसरीतून वगळावी. ही तीन पथ्ये नव्या विद्यार्थ्यालाही तितकीच हितकर आहेत. कारण ज्या पृष्ठावर तो आज स्वर गिरवीत आहे, तेच त्याला उतारवयात पुन्हा उघडावयाचे आहे.