मोहाचा हंगाम आणि टाळेबंदी

महासाथीचा इतिहास लिहिणारे बहुधा रुग्णसंख्या आणि मृत्युसंख्या यांपाशीच थांबतात. गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्याच्या बाजूने पाहू लागलो, तर २०२० ची टाळेबंदी प्रथम मोहफुलांच्या हंगामाशी जोडावी लागते. २५ मार्चला देश बंद झाला. मोह मात्र पहाटे गळतच राहिला. आठवडी बाजार बंद, मजुरी बंद. आणि जिल्ह्यातील देवरीवरून जाणाऱ्या महामार्गावर छत्तीसगड-ओडिशाकडे पायी निघालेले मजूर.

राज्यातील मद्यविक्री मे महिन्यापर्यंत थांबली होती. व्यसनमुक्तीची ही आयती संधी, असे तेव्हा अनेक सुशिक्षितांना वाटले. हा समज अज्ञानातून आलेला होता. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्या शरीराचे मद्य एकाएकी तुटले की कंप, निद्रानाश, भ्रम, कधी झटके येतात. उपचाराविना हे प्राणावरही बेतते. आत्मघाताचे विचार बळावतात तेही अशाच अवस्थेत. केरळ सरकारने ३० मार्चला वैद्यकीय चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला, तो तेथील उच्च न्यायालयाने काही दिवसांतच स्थगित केला. निर्णय चुकीचा असेल. निदान प्रश्न ओळखला गेला होता.

विदर्भात तो ओळखला गेला नाही, याचा पुरावा वणीचा. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेतील निर्बंधांच्या काळात, यवतमाळ जिल्ह्यातील या गावी दारूऐवजी सॅनिटायझर प्यालेले सात जण मरण पावले. हे मृत्यू ना कोविडचे, ना रूढ अर्थाने आत्महत्येचे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील २०१५ पासूनची दारूबंदी उठवण्याचा निर्णय पुढच्याच महिन्यात झाला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या झाल्या. महाराष्ट्रात १९,९०९, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. देशातील या मृतांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा रोजंदारी मजुरांचा. अहवालात ‘व्यसन’, ‘आजार’, ‘कौटुंबिक समस्या’ असे वेगवेगळे रकाने आहेत. (कादंबरी वाचणाऱ्याला या रकान्यांचे हसू यावे, तिथे ही तिन्ही कारणे एकाच ओसरीवर बसलेली असतात.) ज्यांच्या मनात विचार आला आणि जे परत फिरले, त्यांच्यासाठी तर रकानाच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले. १४४१६ ही ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा सुरू झाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर मोहाचे तीन हंगाम उलटले होते.