‘काप्पो’ आणि थांबलेले हृदय

जपानमधील जुजुत्सूच्या जुन्या शाळांत पकडी आणि फेकींबरोबर आणखी एक विद्या शिकवली जाई. तिचे नाव ‘काप्पो’, म्हणजे शुद्धीवर आणण्याची रीत. सरावात गळा आवळला जाऊन कोणी बेशुद्ध पडला, की गुरू त्याला बसता करून पाठीवर किंवा छातीवर ठराविक ठिकाणी दाब देत, आणि शिष्य डोळे उघडत असे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था स्थापून जुजुत्सूला ज्यूदोचे रूप दिले. त्याबरोबर ही विद्याही ज्यूदोत आली.

काप्पो यशस्वी का होत असे? मानेतील रोहिण्या दाबल्या गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण तुटतो, पण हृदय चालूच असते. पकड सुटताच रक्त पुन्हा मेंदूकडे जाते आणि बहुतेक वेळा माणूस काही सेकंदांत आपोआप शुद्धीवर येतो. श्रेय मात्र काप्पोला मिळते. कार्यकारणाची ही गफलत वर्गात चर्चेला घेण्याजोगी आहे. कारण हृदय थांबून पडलेल्या माणसावर असेच उपाय करत बसलो, तर मोलाची मिनिटे वाया जातात.

हृदयविकाराची खूण पुष्कळदा पडण्याआधीच मिळते. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखी वेदना होते व थांबताच ती नाहीशी होते, असे त्यांनी नोंदवले. या विकाराला त्यांनी ‘अंजायना पेक्टोरिस’ हे नाव दिले. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या, की श्रम करताना वाढलेली प्राणवायूची गरज भागत नाही, हे पुढे कळले. अशी रोहिणी अचानक बंद होणे म्हणजे हृदयविकाराचा झटका. त्यात रोगी तत्काळ दगावतोच असे नाही, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. म्हणजेच मदतीला वेळ मिळू शकतो.

कराटे-ज्यूदोच्या वर्गात नेमका हाच वेळ वाया जातो. चाळिशीचा विद्यार्थी छाती चोळत बाजूला बसतो. “ठोसा लागला असेल”, “पित्त झाले असेल”, असे म्हटले जाते. थोड्या वेळाने दुखणे थांबते आणि सगळे निश्चिंत होतात. पण श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी वेदना हीच तर हेबर्डेनची खूण! छातीवर दडपण, हात, जबडा किंवा पाठीत दुखणे, गार घाम, मळमळ, अकारण धाप यांपैकी काही दिसले तर सराव थांबवून डॉक्टर गाठलाच पाहिजे. बसूनही दुखणे जात नसेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी.

हृदय थांबलेच तर काय करायचे, याचे उत्तर १९६० मध्ये मिळाले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कौवेनहोवेन, निकरबॉकर आणि ज्यूड हे कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग करत होते. झटका देण्याच्या जड पट्ट्या छातीवर दाबताच रक्तदाब वाढतो, हे निकरबॉकर यांच्या लक्षात आले. त्यातून छाती न उघडता हृदय दाबण्याची पद्धत निघाली. पहिल्या निबंधातील २० रुग्णांपैकी १४ जगले.

धोका प्रौढांनाच असतो असेही नाही. १९९८ मध्ये डुकरांच्या पिलांवरील प्रयोगांत दिसले, की ठोक्याच्या चक्रातील काही मिलिसेकंदांच्या विशिष्ट क्षणी छातीवर आघात झाला, तर निरोगी हृदयही लय सोडून नुसते थरथरू लागते. छातीवर ठोसा बसून कोसळलेल्या मुलाच्या बाबतीतही हे घडू शकते.

कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल (अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे), तर एकाने १०८ किंवा ११२ क्रमांक फिरवावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र जवळ असल्यास ते लगेच लावावे. मदतीविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

जुन्या गुरूंनी एक गोष्ट अचूक ओळखली होती: जो पाडायला शिकवतो, त्याला उठवताही आले पाहिजे. त्यांची रीत आज अपुरी ठरली आहे, जबाबदारी मात्र तीच आहे. आपल्या शाळेत असा वर्ग भरत असेल, तर तेथील शिक्षकांना छातीवर दाब देता येतो का, हे आजच विचारून पाहावे.