पोट आणि पायाखालची जागा

झोपडी पाडली तर माणसाचं फक्त छप्पर जातं, की पोटही जातं? हा प्रश्न मुंबईच्या फुटपाथवरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची हकिगत आज सांगायची आहे.

१९८१ चा जुलै, ऐन पावसाळा. १३ जुलैला तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की, फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवलं जाईल. त्याच महिन्यात झोपड्या पाडायला सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही कामाजवळ राहतो, कारण लांबून यायला परवडत नाही. इथून उठवलंत तर कामही जाईल.

यावर सरकार पक्ष म्हणाला, फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क आपल्याला नाही, हे या लोकांनी उच्च न्यायालयात कबूल केलंय. सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकलं नाही. मूलभूत हक्क कबुली देऊनही सोडता येत नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

१० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. पीठाचे प्रमुख होते पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड; दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं या निकालानं सांगितलं.

मग झोपड्या वाचल्या का? नाही. अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देणारं, १८८८ च्या महापालिका कायद्याचं ३१४ वं कलम वैध ठरलं. मात्र एरवी नोटीस द्यावी, म्हणणं ऐकावं, असा त्याचा अर्थ लावला गेला. ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाऊस सरेपर्यंत, झोपड्यांना अभय मिळालं. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असंही म्हटलं. पण ती आधी दिलीच पाहिजे, अशी अट घातली नाही.

मला वाटतं, याच शेवटच्या वाक्यात निकालाचं दुबळेपण आहे. जागा आधी आणि हातोडा नंतर, हा क्रम बांधून दिला असता, तर मान्य झालेला हक्क फुटपाथवरच्या माणसाच्या हातात पडला असता. तरीही त्यानंतर उठवल्या जाणाऱ्या माणसाला न्यायालयात काय म्हणायचं, हे कळलं. ‘दया करा’ असं न म्हणता ‘माझा हक्क आहे’ असं तो म्हणू शकतो.