नोबेल-मृत्युपत्रातील एक विशेषण

आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे आपल्या मृत्युपत्रावर स्वाक्षरी केली. पारितोषिकांविषयीच्या त्यातील दोन शब्दप्रयोग संदिग्ध ठरले.

पहिला ‘मागील वर्षी’ हा होय. ग्रंथाचे महत्त्व एका वर्षात क्वचितच कळते. म्हणून १९०० च्या नियमावलीने तोडगा काढला: जुन्या कृतीचे महत्त्व अलीकडे प्रकट झाले असल्यास तीही विचारार्ह मानावी.

दुसऱ्यावर असा लेखी निर्णय झाला नाही. वाङ्मयाचे पारितोषिक ‘इदेआलिस्क’ दिशेच्या सर्वोत्कृष्ट कृतीस द्यावे, असे नोबेल लिहितात. या स्वीडिश विशेषणाचा रूढ अर्थ ‘आदर्श, परिपूर्ण’ असा आहे. ‘ध्येयवादी’ या अर्थी ‘इदेआलिस्टिस्क’ हा निराळा शब्द त्या भाषेत आहे. स्वीडिश अकादमीचे तत्कालीन चिटणीस वीर्सेन यांनी मात्र त्यातून धर्म, राजसत्ता व कुटुंबसंस्था यांविषयीची निष्ठा वाचली. १९०२ मध्ये टॉलस्टॉय यांच्या नावास त्यांनी विरोध केला. इब्सेन १९०६ मध्ये व टॉलस्टॉय १९१० मध्ये पारितोषिकाविनाच निवर्तले. उलट, नोबेल यांना याच संस्थांविषयीची चिकित्सक वृत्ती अभिप्रेत होती, असे गणितज्ञ मित्ताग-लेफ्लर यांचे सांगणे होते.

१९१२ मध्ये वीर्सेन वारले आणि पुढे अर्थ व्यापक होत गेला. मृत्युपत्रातील अक्षर तेच राहिले. बदलले ते वाचणारे. नियमातील संदिग्धता लेखी निर्णयाने मिटविली नाही, तर अर्थ ठरविण्याचा अधिकार अधिकारपदाकडे जातो, हेच यावरून दिसून येते.