मुदतीतली प्रेमकथा

महिनाभरात ५०,००० शब्दांची कादंबरी, म्हणजे रोज साधारण १,६६७ शब्द. १९९९ साली अमेरिकेत २१ जणांनी हा घाट घातला.

आपल्याकडे मुदतीवर लिहिणं त्याहून जुनं. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः छापल्या. पुढे दिवाळी अंक आले. दिवाळी काही लेखकासाठी थांबत नाही!

चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली. निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, एवढीच गोष्ट. तरी अश्लीलतेचा खटला गुदरला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ पडद्यावर आला.

अशा लेखकाला ‘हलकाफुलका’ म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. मुदतीत प्रेमकथा लिहायला बसणाऱ्यांनी आधी काकोडकर वाचावेत.