राखीव जागा आणि शेजारधर्म

धर्माने माणसाला राजकारणात आणावे की नाही, हा वाद जुना आहे. पण मत द्यायला जाताना माणूस आपली श्रद्धा काही घरी खुंटीला टांगून जात नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की ती श्रद्धा त्याला शेजाऱ्याकडे नेते, की शेजाऱ्यापासून तोडते? भारतीय ख्रिस्ती समाजाची या प्रश्नावर मोठी कसोटी लागली.

1909 च्या कायद्याने मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले. उमेदवार त्या धर्माचा आणि मतदारही त्याच धर्माचे. पुढे 1919 च्या कायद्यानंतर मद्रास इलाख्यात ख्रिस्ती समाजालाही तशी सोय मिळाली. संख्या थोडी, पण जागा हमखास! फायद्याचीच गोष्ट म्हणायची. पण त्याच समाजातल्या काही जाणत्यांना तीत धोका दिसला.

के. टी. पॉल हे त्यांतले एक. ते मूळचे सेलमचे. 1916 साली ते वाय. एम. सी. ए. या संस्थेचे पहिले भारतीय मुख्य चिटणीस झाले. खेड्यांची सुधारणा आणि गरिबांसाठी सहकारी पतपेढ्या हे त्यांचे आवडते काम. आता, व्याजाचा विळखा काही धर्म विचारून पडत नाही, हे आपण खेड्यात राहणारे जाणतोच. 1930 साली लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत पॉल ख्रिस्ती समाजातर्फे बसले, आणि तिथे त्यांनी विभक्त मतदारसंघांना विरोध केला. 1931 मध्ये ते वारले.

सरकारने मात्र 1932 च्या जातीय निवाड्यात ते मतदारसंघ दिलेच. आपल्या मुंबई इलाख्यात 175 पैकी 3 जागा ख्रिस्ती समाजाच्या वाट्याला आल्या. खरे तर अशा कुंपणावाचूनही पुढारीपण मिळते, हे महाराष्ट्राने आधीच पाहिले होते. माझगावचे जोसेफ बॅप्टिस्टा हे टिळकांचे सहकारी. 1916 मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. लोक त्यांना प्रेमाने ‘काका’ म्हणत.

स्वातंत्र्य आले. 1947 मध्ये घटना समितीने विभक्त मतदारसंघ काढले, पण राखीव जागा ठेवल्या. समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती, इंग्रजीचे प्राध्यापक. 11 मे 1949 रोजी, सरदार पटेल अध्यक्ष असलेल्या सल्लागार समितीत, धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव मुखर्जींनीच मांडला. त्याच महिन्यात घटना समितीने तो निर्णय मान्य केला. हातातली हमी सोडून त्यांनी शेजाऱ्याच्या भरवशावर उभे राहणे पसंत केले. घटनेच्या 25 व्या कलमात धर्म पाळण्याचे, तसेच त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य नमूद झाले.

या त्यागाची किंमत सर्वांना सारखी पडली नाही, हेही सांगितले पाहिजे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलितांतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना अनुसूचित जातींत होत नाही. त्यामुळे त्या जातींसाठी राखलेल्या जागाही त्यांना बंद झाल्या. गावकुसाबाहेरचे जिणे तर बाप्तिस्मा घेतल्याने संपत नाही. त्यांचे गाऱ्हाणे आजही उभे आहे.

शिक्षकबंधूंनी नागरिकशास्त्र शिकवताना या दोन्ही बाजू मुलांपुढे ठेवाव्यात. थोड्यांनी बहुसंख्यांवर विश्वास टाकला, ही गोष्ट मोठी खरीच. पण तो विश्वास राखणे हे बहुसंख्यांचे काम आहे, आणि ते दर निवडणुकीला नव्याने करावे लागते.