भयपटांतील प्रत्यक्ष क्लृप्त्या आणि संगणकीय प्रतिमा

भयपटांच्या, विशेषतः झॉम्बीपटांच्या, इतिहासाची चर्चा करताना एक मत वारंवार मांडले जाते. रबर, रंग आणि यांत्रिक बाहुल्या यांच्या साहाय्याने कॅमेऱ्यासमोर घडविलेली क्लृप्ती तेवढी खरी आणि संगणकावर निर्माण केलेली प्रतिमा कृत्रिम, असे ते मत होय. रसिकांत ते दृढमूल झाले असले, तरी इतिहासाच्या कसोटीवर ते जसेच्या तसे टिकत नाही.

प्रथम खरेपणाचाच मुद्दा घ्यावा. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हा अत्यल्प खर्चात निघालेला कृष्णधवल चित्रपट. त्यात रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरला होता. कृष्णधवल फिल्मवर तो रक्तासारखा दिसे. पुढे ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) रंगीत झाला, तेव्हा रंगभूषाकार टॉम सॅव्हिनी यांनी वापरलेले रक्त पडद्यावर अवास्तव भडक दिसू लागले. सॅव्हिनी यांना ते खटकले. रोमेरो यांना मात्र आपल्या चित्रपटाच्या व्यंग्यचित्रसदृश प्रकृतीशी ते सुसंगत वाटले. सॅव्हिनी हे व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार म्हणून काम केलेले गृहस्थ. मृतदेहांचे प्रत्यक्ष दर्शन घेतलेल्या कलावंताच्या हातूनही जे निर्माण झाले, ते वास्तवाची हुबेहूब नक्कल नव्हते. तात्पर्य, प्रत्यक्ष क्लृप्तीचा प्रभाव केवळ वास्तवाभासावर अवलंबून नव्हता.

मग तो कशावर अवलंबून होता? याचे उत्तर जॉन कारपेंटर यांच्या ‘द थिंग’ (१९८२) या चित्रपटात मिळते. त्यातील परग्रहवासी प्राण्याची बहुतेक रूपे रॉब बॉटिन यांनी फोम लेटेक्स, जिलेटिन, मेण इत्यादी द्रव्यांतून सिद्ध केली. छाती दुभंगून वैद्याचे हात तुटतात, त्या प्रसंगासाठी दोन्ही हात नसलेल्या एका व्यक्तीला कृत्रिम हात बसवून उभे करण्यात आले. परंतु रबरावर प्रकाश अधिक पडला की ते रबर म्हणूनच दिसते. यास्तव प्रकाशयोजना काटेकोर ठेवणे भाग पडले आणि छायालेखक डीन कंडी यांना प्रत्येक आकृतीचा कोणता भाग उजळावा व कोणता झाकावा हे चित्रीकरणापूर्वीच ठरवावे लागले. द्रव्याच्या मर्यादेमुळे शिल्प, प्रकाश आणि कॅमेरा यांना एकत्र बसून निर्णय घ्यावा लागला. या चित्रपटाचे सामर्थ्य त्या निर्णयात आहे.

याच कथेचा पूर्वभाग सांगणारा चित्रपट २०११ मध्ये आला. त्यासाठी अ‍ॅलेक गिलिस आणि टॉम वुडरफ (धाकटे) यांच्या संस्थेने प्राण्यांच्या प्रत्यक्ष प्रतिकृती घडविल्या होत्या. चित्रीकरणानंतर मात्र त्यांतील बहुतेकांवर संगणकीय प्रतिमा चढविण्यात आल्या. याच कारागिरांनी पुढे लोकवर्गणीच्या साहाय्याने ‘हार्बिंजर डाउन’ (२०१५) हा प्रत्यक्ष क्लृप्त्यांवर भर देणारा चित्रपट काढला. २०११ च्या चित्रपटाचे अपयश संगणकाच्या माथी मारले जाते. वस्तुतः एका वस्तूसाठी योजलेल्या दृश्यात मागाहून दुसरीच वस्तू बसविली गेली, हा त्यातील मूळ दोष म्हणावा लागेल.

संगणक आला म्हणजे असे घडलेच पाहिजे, असे मुळीच नाही. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) मध्ये फिल टिपेट यांच्या हलत्या प्रतिकृतींऐवजी संगणकीय प्राणी योजले गेले, पण तो निर्णय पूर्वतयारीच्या काळातच झाला. टिपेट यांचे प्राण्यांच्या हालचालींचे ज्ञान नव्या तंत्राच्या मार्गदर्शनासाठी उपयोगात आणले गेले. ‘द वॉकिंग डेड’ (२०१०) या मालिकेच्या पहिल्या भागातील गवतावरून सरपटणारे अर्धे प्रेत हेही असेच उदाहरण होय. चेहरा व धड रंगभूषेने सजविले, नटीच्या पायांत निळे मोजे घातले आणि संगणकाने ते पाय पुसून टाकले. या मालिकेच्या रंगभूषेचे सूत्रधार ग्रेग निकोटेरो हे ‘डे ऑफ द डेड’ (१९८५) च्या वेळी सॅव्हिनी यांच्या हाताखाली तयार झालेले. जुनी परंपरा आणि नवे साधन यांचा येथे विरोध दिसत नाही.

तथापि संगणकाने एक मोह निर्माण केला, हे नाकारता येत नाही. रक्ताची पिशवी फुटली की कपडे बदला, भिंत पुसा, पुन्हा मांडणी करा, हा खटाटोप प्रत्येक चुकीची किंमत वसूल करीत असे. खुद्द रोमेरो यांनी आपल्या अखेरच्या चित्रपटांत वेळ वाचविण्यासाठी संगणकीय रक्ताचा अवलंब केला. चुकीची किंमत कमी झाली, तसा निर्णय पुढे ढकलणेही सोपे झाले.

म्हणून या वादाकडे रबर विरुद्ध संगणक अशा दृष्टीने पाहणे अपुरे होय. भयाची प्रतिमा कोणी, केव्हा आणि कोणाच्या सहकार्याने निश्चित केली, हा प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक चित्रपटास विचारला पाहिजे. तो न विचारल्यास कारागिरांच्या श्रमाचा इतिहास केवळ गतकाळाच्या गौरवात विरून जाईल, आणि संगणकापुढे बसून तितकेच श्रम करणाऱ्या कलावंतांवर अकारण अन्याय होईल.